वाया जाणारी उष्णता आणि वाया घालवलेली माणसं

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत वाद झाला. एम.एस्सी. फिजिक्स झालेल्या एका मुलाला राज्यातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. विषय काय, तर उष्णतेपासून वीज तयार करणारे नॅनोसंरचित पदार्थ. पेढे वाटून झाल्यावर चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "पोरा, अभिनंदन. पण खरं सांग, याचा समाजाला काय उपयोग? अॅट्रॉसिटीच्या केसेस पडल्यात, नोकऱ्या संपल्यात, आणि तू भुकटी कुटत बसणार?" मुलगा गप्प बसला. त्याचे वडील एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भट्टीवर काम करतात. ते हळूच म्हणाले, "आमच्या भट्टीच्या धगीची पण वीज होईल का रे?"

दोन्ही प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. आमचं शिक्षण समाजशास्त्रातलं. म्हणून त्या मुलालाच चार संध्याकाळी समोर बसवून सगळं समजून घेतलं. आणि आता ठामपणे लिहितो: ज्येष्ठांचा प्रश्न चुकीचा आहे, वडिलांचा प्रश्न बरोबर आहे, आणि या दोघांना उत्तर न देता "नॅनो क्रांती"च्या गोष्टी सांगणारे लबाड आहेत.

आधी मूळ गोष्ट. १८२१ साली जर्मन शास्त्रज्ञ थॉमस सीबेक यांनी दोन वेगवेगळे धातू जोडून एक कडी केली. एक सांधा तापवला, दुसरा थंड ठेवला. जवळ ठेवलेली होकायंत्राची सुई हलली. सीबेक यांना वाटलं, हे चुंबकत्व. खरं म्हणजे त्या कडीतून वीज वाहत होती. वाफ नाही, टर्बाइन नाही, फिरणारा एकही भाग नाही. एका बाजूला गरम, दुसऱ्या बाजूला गार, आणि मध्ये पदार्थ. एवढ्यावर वीज.

मग दोनशे वर्षांत घराघरात हे का आलं नाही? कारण या पदार्थाकडून आपण जे मागतो ते एकमेकांच्या विरोधात जातं. वीज त्यातून सहज वाहिली पाहिजे, पण उष्णता वाहता कामा नये. उष्णता भराभर पलीकडे गेली तर दोन्ही बाजू सारख्याच तापतात आणि खेळ संपतो. तांबं वीज छान नेतं, पण उष्णताही तितकीच छान नेतं. काच उष्णता अडवते, पण वीजही अडवते. या ओढाताणीचं मोजमाप शास्त्रज्ञ एका आकड्यात करतात, त्याला झेडटी म्हणतात. बिस्मथ टेल्युराइड, लेड टेल्युराइड हे पदार्थ १९५० च्या दशकात पुढे आले आणि त्यानंतर कितीतरी दशकं हा आकडा एकच्या आसपास अडकून पडला.

नॅनो इथे येतं. १९९३ साली अमेरिकेत एल. डी. हिक्स आणि मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांनी गणिताने मांडलं की पदार्थाची रचना काही नॅनोमीटरपर्यंत बारीक केली तर ही कोंडी फुटू शकते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. घन पदार्थात उष्णता बरीचशी अणूंच्या जाळीतल्या कंपनांमधून जाते, वीज इलेक्ट्रॉनमधून. ही कंपनं अडखळण्याआधी लांबचा पल्ला मारतात, इलेक्ट्रॉन त्या मानाने आखूड. म्हणून पदार्थात जागोजाग बारीक कणांच्या सीमा उभ्या केल्या की कंपनं अडतात आणि इलेक्ट्रॉन बऱ्यापैकी निसटतात. वस्तीतल्या बोळासारखं समजा: माणूस आडवा होऊन निघून जातो, बैलगाडी तिथेच अडते.

आणि हे करतात कसं? ज्येष्ठ ज्याला भुकटी कुटणं म्हणाले, तसंच. बिस्मथ, अँटिमनी, टेल्युरियम तोलून पोलादी गोळ्यांसोबत एका भांड्यात घालतात आणि ते भांडं तासन्‌तास फिरवतात. हवेतला ऑक्सिजन लागू नये म्हणून आत आर्गन वायू. तयार झालेली भुकटी ग्रॅफाइटच्या साच्यात दाबून तापवायची. इथे खरी कसोटी. जास्त वेळ तापवलं तर बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून साच्यातून जबर विद्युतप्रवाह सोडून मिनिटांत काम उरकणारी यंत्रंही वापरतात. २००८ साली अमेरिकेतल्या एका गटाने गोळ्यांच्या दळणानेच बिस्मथ अँटिमनी टेल्युराइडचा झेडटी १०० अंश सेल्सिअसला १.४ पर्यंत नेला. त्याच वर्षी दुसऱ्या काही गटांनी सिलिकॉनच्या नॅनोतारा करून दाखवल्या. २०१२ साली लेड टेल्युराइडमध्ये अणूपासून मोठ्या कणापर्यंत तीन पातळ्यांवर अडथळे रचून २.२ गाठला गेला. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक कनिष्क बिस्वास पुढे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात आले, आणि २०२१ मध्ये त्यांच्या गटाने सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये थोडं कॅडमियम मिसळून सुमारे ३०० अंश सेल्सिअसला २.६ च्या आसपास आकडा दाखवला. जगाने दखल घेतली. हे काम भारतात झालं, हे आधी नीट ऐकून ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता थापांकडे वळू. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरतात: मेणबत्ती लावा, वर ही चकती ठेवा, घर उजळेल, बिल शून्य. मित्रांनो, हिशेब करा. एक बाजू २५० अंश, दुसरी ३० अंश असेल तर निसर्गनियमानेच कमाल मर्यादा येते ४२ टक्के. झेडटी १ असलेला पदार्थ त्यातले कागदावर नऊएक टक्के देतो. जोड, तारा, गळती धरून प्रत्यक्षात हाती साधारण पाचच टक्के लागतात. म्हणजे चकतीतून शंभर वॅट उष्णता गेली तर पाच वॅट वीज. मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीत याच तत्त्वाची बॅटरी आहे. सुमारे २००० वॅट उष्णतेतून तिला सुरुवातीला सुमारे ११० वॅट वीज मिळत होती. नासासारख्या संस्थेचा हा हिशेब असेल तर व्हॉट्सअॅपवाल्याचा काय असेल?

दुसरी थाप अधिक सभ्य कपड्यातली आहे. "औष्णिक केंद्रांची वाया जाणारी उष्णता नॅनो पदार्थांनी पकडू, मग कोळसा चालू राहिला तरी प्रदूषणाची चिंता नको." कोळशाच्या केंद्रात जाळलेल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज होतो, बाकीची धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून जाते, हे खरं. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या केंद्राच्या आजूबाजूला राहणाऱ्यांना हे कुणी सांगायला नको. पण त्या पाण्याचं तापमान ४५ अंश आणि बाहेर ३० अंश असेल तर झेडटी १ च्या पदार्थाने त्यातल्या उष्णतेचा एक टक्कादेखील वीज म्हणून हाती लागत नाही. मोठ्या कारखान्यातल्या खूप गरम वायूंसाठी बॉयलर आणि टर्बाइनच अजून उजवे ठरतात. तेव्हा "नॅनो येतंय" म्हणून राख, धूर आणि विस्थापन यांवरचे प्रश्न थांबवायचे नाहीत.

तिसरी थाप आमच्या आयाबहिणींच्या नावावर खपते. चुलीच्या कडेला अशी चकती बसवायची, तिच्यावर छोटा पंखा चालतो, मोबाइल चार्ज होतो, ज्वलन सुधारून धूर कमी होतो. अशा चुली परदेशी कंपन्यांनी बनवल्या, भारतातही आणल्या. यंत्र म्हणून ते हुशारीचं आहे, आम्ही नाकारत नाही. दुर्गम पाड्यावर आज रात्री तेवढा उजेड मिळत असेल तर त्याला आमचा विरोध नाही. पण बाईला सरपण गोळा करायला लावायचं, चुलीसमोर बसवायचं आणि वर सांगायचं की आता तुझी चूल स्मार्ट झाली! तिला भरलेला सिलेंडर परवडला पाहिजे आणि घरात मीटरची वीज पाहिजे. पाच वॅटचं खेळणं हा तिच्या हक्काला पर्याय नाही.

मग हे विज्ञान टाकाऊ का? मुळीच नाही. जिथे फिरणारं यंत्र चालत नाही, माणूस पोचत नाही, तिथे याला तोड नाही. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर यानं सिलिकॉन-जर्मेनियमच्या अशाच जोड्यांवर अजून संदेश पाठवताहेत. सोव्हिएत संघात १९५० च्या दशकात रॉकेलच्या दिव्याभोवती बसवायचे विद्युतजनित्र निघाले होते. वीज न पोचलेल्या खेड्यांत दिवा उजेडही देई आणि त्याच्या धगीवर रेडिओही चाले. अब्राम आयोफे या शास्त्रज्ञाने तिथे अर्धवाहकांचं हे शास्त्र उभं केलं होतं. म्हणजे हे तंत्रज्ञान अवकाशात जाऊ शकतं तसं खेड्यातही जाऊ शकतं. ते कुठे जाणार हे पदार्थ ठरवत नाही. पैसा कुणाचा आणि निर्णय कुणाचा, यावर ते ठरतं.

याचा एक दाखला आपल्याच देशातला. १९६५ साली अमेरिकेच्या सीआयएने भारतीय गुप्तचर खात्यासोबत नंदादेवी शिखरावर चीनच्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवायला एक यंत्र न्यायचं ठरवलं. त्याला वीज पुरवणार होतं प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारं जनित्र, याच तत्त्वाचं. वादळ आलं, सामान डोंगरात बांधून ठेवून पथक उतरलं. पुढच्या वर्षी गेले तर जनित्र जागेवर नव्हतं. ते आजवर सापडलेलं नाही. हे ओझं वाहिलं कुणी? शेर्पांनी आणि ओझेवाल्यांनी. थंडीत ते उबदार लागे म्हणून ते वाहायला माणसं खुशीने तयार होत, असं मोहिमेतल्यांनीच पुढे सांगितलं आहे. आत काय आहे याची जाण ज्यांना होती ते ठरवणारे होते. ज्यांच्या पाठीवर ते होतं त्यांना ती किती होती? २०२१ मध्ये चमोलीत पूर आला तेव्हा खालच्या गावांतल्या लोकांना पुन्हा त्याच यंत्राची शंका आली. पुराचं कारण वेगळं निघालं, पण भीती खरी होती. माहिती वर आणि ओझं खाली, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे.

पदार्थांचंही तसंच. शिसं विषारी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. टेल्युरियम दुर्मीळ आहे, तांबं शुद्ध करताना तळाशी उरणाऱ्या गाळातून ते काढतात. ते अंगात गेलं तर माणसाच्या श्वासाला आणि घामाला लसणासारखा वास येतो. सिलिकॉनच्या नॅनोतारा कोरायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, ते हाडापर्यंत जातं. प्रयोगशाळेत यासाठी ग्लोव्हबॉक्स असतो: काचेची बंद पेटी, आत आर्गन, बाहेरून जाड रबरी हातमोज्यांत हात घालून काम. आम्ही त्या मुलाने दाखवलेला तिचा फोटो बराच वेळ बघत बसलो. या देशात चिमूटभर भुकटी हाताळायला अशी पेटी मिळते. आणि २०१३ चा कायदा असूनही आमचा माणूस गटारात उतरतो तेव्हा त्याला साधा हातमोजा मिळत नाही! म्हणजे सुरक्षितता कशी द्यायची हे या देशाला कळत नाही असं नाही. कुणाला द्यायची हे त्याने ठरवून ठेवलं आहे.

उद्या हे पदार्थ गाड्यांत, घड्याळांत, सेन्सरमध्ये लाखोंनी जातील. मोडल्यावर कुठे जातील? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या भागात आजही मोबाइल आणि संगणकांचा भंगार उघड्या हातांनी फोडला जातो. तिथे ग्लोव्हबॉक्स नसतो. म्हणूनच मॅग्नेशियम सिलिसाइड, तांबं-अँटिमनी-गंधकाचं टेट्राहेड्राइट अशा तुलनेने मुबलक, शिसं-टेल्युरियम नसलेल्या पदार्थांवरचं संशोधन आम्हाला महत्त्वाचं वाटतं. कोणता पदार्थ निवडायचा हा प्रश्न नुसत्या झेडटीचा नाही. पण तो प्रश्न प्रयोगशाळेत विचारणार कोण? ज्याच्या घरात कुणी भंगार फोडलं आहे, भट्टीसमोर उभं राहिलं आहे, त्याला तो आधी सुचेल.

आणि आता मघाशी ऐकून ठेवायला सांगितलेल्या गोष्टीकडे या. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतल्या प्रवेशात आरक्षण देणारा २००६ चा कायदा आहे. त्याचं चौथं कलम वाचा. काही संस्थांना त्यातून वगळलं आहे आणि त्यांची यादी कायद्याच्या शेवटच्या अनुसूचीत दिली आहे. त्या यादीत होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था आहेत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रही. टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. आणि बंगळुरूचं तेच जवाहरलाल नेहरू केंद्रही आहे. पुढे २०१९ मध्ये शिक्षक संवर्गातल्या आरक्षणाचा कायदा आला, त्यातही "उत्कृष्टतेच्या संस्था" अशा नावाखाली वगळण्याची तीच वाट ठेवली.

आमचं म्हणणं नीट समजून घ्या. तिथल्या शास्त्रज्ञांच्या कामाला आम्ही कमी लेखत नाही, वर कौतुकाने लिहिलंच आहे. वगळलेल्या संस्थेत आपलं कुणीच नसतं असंही आम्ही म्हणत नाही. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था प्रवेशाच्या कायद्याखाली येतात, हेही सांगतो. मुद्दा एवढाच आहे की या यादीतल्या दारांवर आमचा मुलगा या कायद्याचा आधार घेऊन हक्काने उभा राहू शकत नाही. तिथे जे मिळेल ते संस्थेच्या मर्जीने. आणि संसदेने यासाठी शब्द वापरला तो "उत्कृष्टता". म्हणजे आरक्षण आलं की उत्कृष्टता जाते, हे कायद्याच्या पुस्तकात छापून ठेवलं आहे. झेडटी वाढवायला अणूंच्या पातळीवर अडथळे रचतात. इथे माणसांच्या पातळीवर रचले आहेत, आणि तेही निवडून अडवतात.

उलट जिथे आरक्षण आहे त्या राज्य विद्यापीठांत काय परिस्थिती? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी अशा पदार्थांच्या पातळ थरांवर वर्षानुवर्षं चिकाटीने काम झालं आहे, तेव्हा गुणवत्ता नाही असं कुणी म्हणू नये. पण महागड्या यंत्रासाठी दुसऱ्या शहरात नमुने पाठवायचे, महिनोन्‌महिने नंबर लागण्याची वाट बघायची, आणि फेलोशिपच्या हप्त्यासाठी संशोधन सोडून मैदानात उपोषणाला बसायचं, हे आमच्या पोरांच्या वाट्याला येतं. भांडं फिरवायला तास लागतात, फेलोशिप यायला वर्ष लागतं. ज्याच्या घरी दुसरी कमाई नाही तो मध्येच सोडून जातो. मग म्हणायचं, "या मुलांना मूलभूत विज्ञानात रस नसतो."

आता आपल्या ज्येष्ठांना, आदर राखून. काका, बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी युद्धोत्तर वीजविकासाच्या समितीसमोर जे भाषण केलं त्यात त्यांनी वीज हा इंजिनिअरांचा विषय म्हणून सोडून दिला नाही. दारिद्र्यातून सुटायचं तर उद्योग हवेत, उद्योगाला स्वस्त आणि मुबलक वीज हवी, असा धागा त्यांनी बांधला. वीज खासगी मालकीची असावी की सरकारच्या, हा प्रश्न त्यांनी टेबलावर ठेवला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं. अस्पृश्यांचा लढा लढणाऱ्या माणसाने त्याच वर्षांत किलोवॅटचा विचार केला. कारण त्यांना कळत होतं की तंत्रज्ञानाच्या खोलीत आपण नसलो तर आपल्याशिवाय निर्णय होतात. "भुकटी कुटून समाजाला काय उपयोग" हा प्रश्न ते विचारते, असं आम्हाला वाटत नाही. त्यांनी विचारलं असतं की त्या खोलीत आपले किती आहेत.

तेव्हा तरुणांना आमचं सांगणं. स्पर्धापरीक्षा द्या, वकील व्हा, पण पदार्थविज्ञान दुसऱ्यांसाठी सोडू नका. अभ्यासिकेत चालू घडामोडींच्या पुस्तकाशेजारी घन पदार्थांच्या भौतिकशास्त्राचंही पुस्तक ठेवा. २००६ च्या कायद्याचं चौथं कलम आणि अनुसूची छापून भिंतीवर लावा. ती यादी रद्द करा, ही मागणी निवेदनांत लिहा, खासदारांना विचारा. फेलोशिप दरमहा खात्यात जमा झाली पाहिजे, ही मागणी स्मारकाच्या मागणीइतक्याच जोरात करा. राज्य विद्यापीठांना सामायिक यंत्रशाळा मागा. आणि प्रयोगशाळेत पोचलात तर आपल्या पदार्थात शिसं किती, तो मोडल्यावर कोण फोडणार, हे विचारायला लाजू नका.

राहिला त्या मुलाच्या वडिलांचा प्रश्न. भट्टीच्या धगीची वीज होईल का? होईल. भट्टीच्या भिंतीवर चकत्या बसवल्या तर एखादा पंखा, काही दिवे, तापमान मोजणारा सेन्सर नक्की चालेल. कारखाना चालणार नाही. पण मुलाने त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली. चकतीतून वीज काढायची तर तिची दुसरी बाजू गार ठेवावी लागते. म्हणजे मालकाला वीज हवी असेल तर त्याला भट्टीशेजारी गारवा निर्माण करावा लागेल. वडील हसले. म्हणाले, "तीस वर्षं आम्ही एक कूलर मागतोय. चकतीसाठी तरी लावतील म्हणायचं."

पोराने आता शोधावं. आणि कूलरसाठी आपण भांडू, चकती येवो न येवो.

जय भीम!